गल्ल्यातली विचित्र नाणी: टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

पत्राचा गोषवारा: तालुक्याच्या गावात किराणा दुकान चालवणारे एक वाचक गल्ल्यात आलेली 'वेगळी' नाणी डब्यात साठवतात. दहा रुपयांच्या एका नाण्याची मधली टिकली फिरलेली आहे. पाच रुपयांच्या एका नाण्याचा काठ चावल्यासारखा तुटलेला आहे, दुसरं पाच रुपयांचं नाणं तांबूस दिसतं. दोन रुपयांच्या एका नाण्यावर अक्षरं दुहेरी आहेत. एका प्रदर्शनात त्यांनी 4,500 रुपये देऊन 'ब्रॉकेज' (एका बाजूला अडकलेल्या नाण्याचा उलटा, आत गेलेला ठसा आलेलं नाणं) म्हणून एक रुपयाचं नाणं विकत घेतलं. आता एक परिचित संग्राहक म्हणतो, की ते व्हाइसमध्ये, म्हणजे वर्कशॉपमधल्या आवळायच्या शिकंज्यात, दाबलेलं आहे. आजीच्या पेटीतली, अर्धीच अक्षरं असलेली शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, हीही त्यांच्याकडे आहे. दहाच्या नाण्याला व्हॉट्सॲपवर एकाने 8,000 रुपये देऊ केलेत, पण 'नोंदणी'चे 1,500 आधी मागितलेत. भाचा म्हणतो, सगळी नाणी ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा ठरवून घ्यायला, अमेरिकेत पाठवा. घरचे म्हणतात, आधी चिंचेने लख्ख करा. त्यांचा शेवटचा प्रश्न असा: 'मला फसवून दिलेलं नाणं मीही तसंच पुढे विकलं, तर त्यात चूक काय?' पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे, की एक साधं एक रुपयाचं नाणं उलटलं की सिंह आडवा दिसतो, 'पण त्यात काही विशेष नसावं'.

नमस्कार,

पहिलं काम लगेच करा: ते 1,500 रुपये पाठवू नका. खरा घेणारा नाणं हातात घेऊन पाहतो आणि पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर उकळणाऱ्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. असल्या व्यवहारात आपला काहीही संबंध नाही, असंही स्पष्ट केलं होतं. 'नोंदणी', 'जीएसटी', 'एनओसी' अशी नावं बदलत राहतात. पैसे आधी मागितले, की समोरच्याचा नंबर ब्लॉक करायचा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात 'असं नाणं कुणी पाहिलेलं नाही' हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत येतं, आणि न पाहिलेलं म्हणजे टांकसाळीत चुकलेलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण कुणी न पाहिलेलं नाणं हातोडी, कानस आणि रिकामी दुपार असलेला कोणीही तयार करू शकतो. टांकसाळीची यंत्रं मात्र ठराविक प्रकारेच चुकतात, कारण नाणं ठराविक पायऱ्यांनीच घडतं. म्हणून नाणं किती विचित्र आहे हे बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: हे घडलं असेल, तर कुठल्या पायरीवर? पायरी सापडली नाही, तर ते मोडकं नाणं समजायचं.

पायऱ्या थोडक्यात अशा. धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या पाडतात. चकती फिरवून दाबतात आणि तिचा काठ थोडा उचलून घेतात. मग चकती दोन ठशांच्या, म्हणजे डायच्या, मधे येते. भोवती पोलादी कॉलर, म्हणजे धातू बाहेर पसरू न देणारं कडं, असते. अनेक टनांचा एक दाब बसतो, दोन्ही बाजू आणि काठ एकाच क्षणी उमटतात, आणि नाणं बाहेर पडतं. त्यामुळे चूक तीनच ठिकाणची असते: चकतीची, डायची किंवा त्या दाबाच्या क्षणाची. त्यानंतर नाण्याला जे काही झालं, ते नुकसान. मग ते रेल्वेच्या रुळावर होवो, देवळाच्या उंबरठ्यावर खिळा ठोकताना होवो, की एखाद्याच्या वर्कशॉपमध्ये मुद्दाम होवो.

तपासणीला फार खर्च नाही. दहापट भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, छोटं लोहचुंबक आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प एवढं पुरे. याहून मोलाची गोष्ट तुमच्या गल्ल्यातच आहे: त्याच किमतीची, त्याच मालिकेची आणि जमलं तर त्याच टांकसाळीची धड नाणी. वर्षाच्या खाली पाहा. छोटा चौकट हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. अशी आठ-दहा नाणी तोलून ठेवलीत, की नेहमीचा फरक किती असतो ते तुम्हालाच कळेल. 2011 पासूनच्या मालिकेत वजनं अशी: 50 पैसे 2.90 ग्रॅम, एक रुपया 3.79, दोन रुपये 4.85, पाच रुपये 6.00 आणि दहा रुपये 7.71. 2020 पासूनच्या नव्या मालिकेत एक रुपया 3.09, दोन रुपये 4.07, पाच रुपये 6.74, दहा रुपये 7.74 आणि बारा कोनांचं वीस रुपयांचं नाणं 8.54. दोन मालिकांची गल्लत केली, तर धड नाणंही 'हलकं' वाटेल. एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. पाच रुपयांचं निकेल-पितळेचं नाणं चिकटत नाही, आणि जुनं 9 ग्रॅमचं जाड पाच रुपयांचं कॉपर-निकेलचंही नाही.

तुमच्या दहा रुपयांच्या नाण्यापासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त यातच फसतात. या नाण्यात बाहेरचं कडं आणि आतली टिकली या दोन वेगळ्या चकत्या असतात. त्या आधी जोडून मग छापतात, असं मात्र होत नाही. दोन्ही सुट्या चकत्या एकात एक ठेवून डायखाली जातात, आणि ज्या दाबाने चित्र उमटतं, त्याच दाबाने त्या एकमेकींत घट्ट बसतात. म्हणजे एका बाजूचा डाय कडं आणि टिकली दोन्हीवर एकदमच छापतो. डाय फिरला असेल, तर कड्यावरची अक्षरं आणि टिकलीवरचं चित्र दोन्ही मिळून फिरतील, त्यांचं आपसातलं नातं बदलणार नाही. तुमच्या फोटोत कड्यावरचं 'भारत' जागच्या जागी आहे आणि सिंह मात्र एकटाच कलला आहे. छपाईनंतर टिकली बाहेर काढून पुन्हा ठोकल्याशिवाय हे होऊ शकत नाही. भिंगाखाली जोडाची रेघ पाहा. अंक, किरण किंवा बारीक रेघ जिथे जोड ओलांडते, तिथे ती तुटून बाजूला सरकलेली दिसेल. टिकलीच्या काठाला घासल्याच्या चमकदार खुणा असतील आणि एखाद्या बाजूला धातूची कोर उठलेली असेल. टिकली उलटी बसवलेली 'दुर्मीळ' नाणीही अशीच हाताने केलेली असतात.

याच नाण्यातल्या खऱ्या चुका वेगळ्या दिसतात. टिकली किंचित सरकलेली असते, कड्याचं भोक मध्यावर नसून एकीकडे पाडलेलं असतं, किंवा टिकली नसतानाच कडं छापलं जातं. पण चित्र मात्र जोडावरून अखंड वाहत जातं, कारण दोन्ही एकत्रच छापलेले असतात. रिकाम्या कड्याचं म्हणाल, तर खरं असेल तिथे भोकाची आतली कड गुळगुळीत असते आणि आतल्या बाजूला थोडी ओघळलेली दिसते, कारण दाबताना धातूला अडवायला आत काहीच नव्हतं. टिकली ठोकून काढलेल्या कड्यात आतली भिंत सरळ असते, तिच्यावर खरवडलेल्या उभ्या रेघा असतात, आणि एका बाजूला भोकाची कड उमललेली असते.

दहाच्याच नाण्याबद्दल थोडं विषयांतर, कारण तुम्ही दुकानदार आहात. ₹ चिन्ह नसलेलं आणि पंधरा किरणांचं नाणं चुकीचं किंवा खोटं नाही. ₹ चिन्ह 2011 पासून आलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सर्व 14 नमुने चलनात वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं. गिऱ्हाईकाकडून ती घ्या आणि गिऱ्हाईकाला द्या. त्याचप्रमाणे 2012 च्या माता वैष्णोदेवी नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ फिरत असतात. ते चलनासाठीच काढलेलं स्मारक नाणं आहे, त्यात चूक कुठलीही नाही.

चावलेलं पाच रुपयांचं नाणं मला जास्त रंजक वाटतं, आणि त्यावर फोटोवरून निकाल देणार नाही. पट्टीतून चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवा छेद आधीच्या भोकावर चढतो आणि चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. ही खरी टांकसाळी चूक आहे. हाताने कापलेल्या नाण्यापासून ती वेगळी ओळखायला तीन गोष्टी पाहा. एक, पाचचंच दुसरं धड नाणं त्या खाचेत बसवून बघा. खाच दुसऱ्या चकतीच्या छेदाचीच असल्यामुळे वळण जवळजवळ तंतोतंत जुळतं. गोल कानसेने घासलेली खाच सहसा लहान वर्तुळाची असते. दोन, खाचेच्या बरोबर समोरचा काठ पाहा. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकतीला दोन बाजूंनी दाब लागतो. एकीकडे खाच असेल तर त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. त्यामुळे खऱ्या नाण्यात खाचेच्या समोरचा काठ चपटा, अस्पष्ट किंवा नाहीसाच झालेला असतो. हे अशा प्रत्येक नाण्यात ठळक दिसेलच असं नाही, पण दिसलं तर मोठा पुरावा आहे. कात्री चालवणाऱ्याच्या हे सहसा लक्षातही येत नाही. तीन, खाचेजवळची अक्षरं. छपाईच्या वेळी धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, म्हणून खाचेला लागून असलेली अक्षरं ताणल्यासारखी, पसरत पुसट होत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर चाकूने कापल्यासारखं ठळक असतानाच थांबतं, कापलेली बाजू झगझगीत असते, आणि धारेवर फिटर लोक ज्याला बर म्हणतात ती बारीक कोर उठलेली असते. शेवटी वजन. 6.00 ग्रॅमच्या नाण्याचा विसावा भाग गेला असेल, तर काटा 5.70 च्या आसपास यायला हवा. या कसोट्या लावून काठाचा फोटो पाठवा.

तांबूस पाच रुपयांच्या नाण्यावर मात्र वेळ घालवू नका. त्यात जस्त असतं. आम्लात, मातीत किंवा नदीच्या गाळात पडून राहिलं, तर पृष्ठभागावरचं जस्त आधी विरघळतं आणि तांब्याचा रंग वर येतो. विस्तवात पडलेली नाणीही रंग बदलतात. 'चुकीच्या धातूवर छापलेलं' ठरायला वजन दुसऱ्या एखाद्या ज्ञात चकतीशी जुळायला हवं. पाचचं चित्र एक रुपयाच्या चकतीवर छापलं गेलं, तर काटा 3.79 दाखवेल, चुंबक चिकटेल आणि चित्राचा काही भाग काठाबाहेर गेलेला असेल. अधलंमधलं वजन आलं, उदाहरणार्थ 5.4, आणि अक्षरं झिजल्यासारखी बारीक झाली असतील, तर ते आम्लात बुडवलेलं नाणं आहे. आम्ल सगळीकडून सारखंच खातं, म्हणून व्यास आणि जाडी दोन्ही थोडी घटतात. इथे एक पथ्य पाळा: नुसत्या वजनावरही जाऊ नका. 2011 च्या मालिकेतलं दोन रुपयांचं आणि 1990 च्या दशकातलं पोलादी एक रुपयाचं नाणं दोन्ही 25 मिलिमीटर आणि 4.85 ग्रॅमचीच आहेत.

रुळावर चपटी झालेली नाणी लोक 'मोठं छापलं गेलं' म्हणून दाखवतात, म्हणून एक ओळ. कॉलर नसताना छापलेलं खरं नाणं पसरट असतं, पण गोल आणि स्पष्ट असतं. रुळावरचं लांबट, पातळ आणि पुसट असतं. वजन दोन्हींचं पूर्णच भरतं.

दोन रुपयांवरच्या दुहेरी अक्षरांनी बऱ्याच नवख्यांचे पैसे घालवले आहेत. पोलाद कठीण असतं आणि ते छापताना डाय दाबानंतर किंचित थरथरतो किंवा सरकतो. उमटलेल्या अक्षराची एक बाजू त्यामुळे खाली दबली जाते. भिंगाखाली अक्षराला लागून एक चपटी, चकाकणारी पायरी दिसते आणि मूळ अक्षर थोडं अरुंद झालेलं असतं. हे घडतं टांकसाळीतच, म्हणून ते नुकसान म्हणता येणार नाही, पण इतकं सर्रास होतं की कोणी त्याला ज्यादा दाम देत नाही. किंमत असते ती डायवरच चित्र दोनदा कोरलं गेलं असेल तर. तेव्हा दोन्ही अक्षरं पूर्ण उंचीची आणि गोलसर असतात, टोकांना दुभंगलेली दिसतात, अक्षर जाड होतं, अरुंद नव्हे, आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर हुबेहूब तेच असतं. तुमच्या फोटोत पायरी चपटी आहे. ते नाणं गल्ल्यात टाकलं तरी काही बिघडणार नाही.

या निमित्ताने सगळ्यांच्या उपयोगी पडेल अशी एक खूण. नाण्यावर जास्तीची रेघ दिसली, तर ती उठावाची आहे की खाच आहे ते आधी ठरवा. लॅम्प बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा आणि नाणं काठाला धरून हळूहळू फिरवा. उठावाची सावली प्रकाशाच्या पलीकडच्या अंगाला पडते, खाचेत ती अलीकडच्या भिंतीला चिकटून असते. डायला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उठावाची, नागमोडी, अक्षरांवरूनही जाणारी रेघ येते. नाण्यावर नंतर ओढलेला ओरखडा खाचेचा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना ढकललेला धातू साचलेला दिसतो. काठाजवळ डायचा तुकडाच पडला असेल, तर तिथे चित्र नसलेली उंच गुठळी येते, आणि तिच्या बरोबर मागच्या बाजूला चित्र अशक्त असतं, कारण तिथला धातू गुठळीकडे गेला. डाग देऊन चिकटवलेल्या गुठळीमागे चित्र ठणठणीत असतं. गाळलेल्या अक्षराचंही तसंच आहे. डायच्या खळगीत वंगण भरलं, तर अक्षर येत नाही, पण त्या जागी पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी खोलगट, रेघारेघांचा पट्टा राहतो. तपासताना नाण्यावर नख किंवा सुई फिरवू नका.

आता 4,500 रुपयांचं नाणं. तुमचा परिचित बरोबर सांगतो आहे, आणि कारण समजलं म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीही ओळखाल. ब्रॉकेज होतं ते असं: छापलेलं नाणं डायलाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्या नाण्यावर दाबली जाते. चकतीच्या एका बाजूला नेहमीचं चित्र येतं. दुसऱ्या बाजूला डाय झाकलेला असतो, म्हणून तिथे त्या अडकलेल्या नाण्याच्या उघड्या बाजूचाच ठसा येतो, उलटा आणि खोल गेलेला. सिंहाच्या ब्रॉकेजमध्ये एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला आरशातला, आत गेलेला सिंह असतो. '1' हा अंक तिथे नसतोच, कारण तो छापणारा डाय चकतीपर्यंत पोचलेलाच नसतो. तुमच्या नाण्यावर अंकही स्पष्ट आहे, आणि त्याच्यावरून 'सत्यमेव जयते'ची उलटी अक्षरं खोदल्यासारखी गेली आहेत. एकाच जागी दोन चित्रं आहेत, म्हणजे नाणं आधी पूर्ण छापलं गेलं आणि मग दुसरं नाणं त्यावर ठेवून दाबलं. नाणं उलटून बघा. सिंहाचे उंच भाग, नाक आणि आयाळ, सपाट होऊन चकाकत असतील, कारण ते व्हाइसच्या जबड्याला टेकले होते. अर्धवट ब्रॉकेज असतं, त्यात अंकाचा काही भाग दिसू शकतो, पण तिथे दोन भाग शेजारी असतात, एकमेकांवर नसतात.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर: हो, चूक आहे, आणि मोठी आहे. कालपर्यंत तुम्ही फसलेले ग्राहक होता. आज खरं कळल्यावर ते 'ब्रॉकेज' म्हणून विकलंत, तर फसवणारे तुम्ही असाल. पुढचा घेणारा बहुधा तुमच्यासारखाच नवखा असेल, जाणकार तर ते घेणारच नाही. पैसे परत मिळवायचा मार्ग उलट दिशेने जातो. ज्याच्याकडून घेतलं त्याला शांतपणे लिहा, वर सांगितलेल्या खुणांचे फोटो जोडा, आणि तारीख, रक्कम, यूपीआयची नोंद द्या. विक्रेत्यालाही माहीत नसणं शक्य आहे, म्हणून पहिल्या पत्रात आरोप करू नका, परतफेड मागा. नाव जपणारा विक्रेता बहुतेक वेळा नाणं परत घेतो. नाही म्हणाला आणि बिलावर किंवा संदेशात 'ब्रॉकेज' असा शब्द असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तेही नको असेल, तर नाणं 'दाबलेलं, नमुन्यासाठी' अशी चिठ्ठी लावून जपून ठेवा. शिकायला असा नमुना जवळ असणं फार कामाचं असतं. यापुढे एररच्या, म्हणजे टांकसाळी चुकीच्या, नावाखाली काही घ्याल, तेव्हा बिलावर चुकीचा प्रकार आणि 'खोटं निघाल्यास परत' हे दोन्ही लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याचं नाणं घेऊ नका.

शिवराईकडे बघताना मात्र वरचं सगळं विसरा. ती यंत्रावर बनलेली नाही. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरून हातोड्याने ठोकत. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे आणि चकती हाताने ठेवलेली असे. म्हणून 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातली काही अक्षरं बाहेर जाणं हाच तिथला नेम आहे, त्याला एरर म्हणत नाहीत. उलट जितकी अक्षरं पूर्ण, तितका भाव जास्त. जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफांनी चांदी पारखायला मारलेल्या छोट्या खुणा असतात, त्याही एरर नव्हेत. नाण्याच्या व्यवहारातल्या प्रवासाच्या त्या खुणा आहेत, त्या घासून काढू नयेत. आणखी एक महत्त्वाचं: शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भाच्याला हे आवर्जून सांगा. शिवराई अमेरिकेच्या पाकिटात चुकूनही जाता कामा नये. ती आजीच्या पेटीतून आली, हेही कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवा.

बाकीची नाणीही सध्या अमेरिकेत पाठवू नका. परदेशी ग्रेडिंगचं शुल्क, येण्या-जाण्याचा टपाल खर्च, विमा आणि कस्टम्सची कटकट धरता, नाण्याची खात्रीची किंमत त्या खर्चाच्या कितीतरी पट असेल तरच हा उद्योग परवडतो. तुमच्या डब्यातलं एकही नाणं आज तिथवर पोचत नाही. मुंबई-पुण्यात भरणाऱ्या नाणे प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. विकायचं आहे असं आधी सांगू नका, 'कुठल्या पायरीवर झालं असेल?' एवढंच विचारा. उत्तर देताना जो पायरी सांगतो तो जाणकार, आणि जो सरळ किंमत सांगतो तो व्यापारी.

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. आम्लाने आणि घासण्याने मूळ पृष्ठभाग जातो, आणि खरं-खोटं ठरवायचा निम्मा पुरावा त्या पृष्ठभागावरच असतो. डायमधून निघालेली चमक बाहेरच्या दिशेने धावणाऱ्या बारीक रेषांची असते, ती एकदा गेली की परत येत नाही. धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. चिकटपट्टीचा डिंक असेल तर काचेच्या वाटीत थोड्या ॲसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि गॅस-दिव्यापासून दूर राहा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर येतो. मायलरची, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकची, खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ठेवा, आणि स्टेपलरच्या पिना चेपून घ्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. प्रयोग म्हणून स्वतः नाणी कापून-दाबून पाहायचा मोहही आवरा. 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे.

आता ते 'काही विशेष नसावं' म्हणून तुम्ही बाजूला टाकलेलं, कणसांचं चित्र असलेलं एक रुपयाचं नाणं. तुमच्या सगळ्या डब्यात खरी टांकसाळी चूक असण्याची सर्वात जास्त शक्यता त्याचीच आहे. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाण्याची वरची आणि खालची टोकं दोन बोटांत धरून उभ्या अक्षावर फिरवलं, तर मागचं चित्रही सरळ दिसायला हवं. बसवलेला डाय सैल होऊन फिरला, तर मागची बाजू तिरकी, आडवी किंवा उलटी होते. एकसंध नाण्यात हे नंतर करता येत नाही, म्हणून ही चूक बनवणाऱ्यांना जड जाते. एकच लबाडी शक्य आहे: दोन नाणी घासून अर्धी-अर्धी चिकटवणं. त्यासाठी काठाच्या आतल्या बाजूने भिंग फिरवून जोडाची रेघ शोधा, 4.85 ग्रॅम वजन येतं का पाहा (कणसांचं पोलादी नाणं वर सांगितलेल्या 1990 च्या दशकातल्या मालिकेतलं धरून), आणि लाकडी टेबलावर हलकेच टाकून आवाज धड नाण्याशी ताडून पाहा. चिकटवलेलं नाणं बद्द वाजतं.

कोन मोजायला साधा उपाय आहे. सेलोटेप नाण्याला लावायची नाही. नाणं कोनमापकाच्या मध्यावर सरळ ठेवा, वरच्या टोकाशी कागदावर खूण करा, मग ते टोक खुणेपाशीच ठेवून नाणं उभ्या अक्षावर उलटा आणि सिंहाचा माथा किती अंशांवर येतो ते वाचा. पाच-दहा अंश नेहमीचेच, त्याला कोणी विचारत नाही. 45 च्या पुढे संग्राहक लक्ष देऊ लागतात, 90 आणि 180 ला मागणी असते. तुमचा सिंह आडवा आहे, म्हणजे 90 च्या जवळपास. त्यातून घर बांधलं जाणार नाही, पण प्रामाणिक चिठ्ठीसह विकता येईल अशी ही खरी वस्तू आहे. होल्डरवर वर्ष, टांकसाळीची खूण, वजन, कोन आणि ते गल्ल्यात कधी मिळालं हे लिहा. दोन्ही बाजूंचे, काठाचा आणि काट्यावर ठेवलेला असे चार फोटो काढा. चावलेल्या पाच रुपयांचेही तसेच चार फोटो हवेत, त्यात खाचेच्या बरोबर समोरचा काठ जवळून आलेला असू द्या.